वेणीच्या विणीचा काठ : आधी हिशेब, मग टाके

लोकरीच्या विणकामात वेणीची वीण, म्हणजेच केबल, ही हौशी हातांची आवडती. एका सुईवरचे तीन टाके पुढे धरावेत, मागचे तीन आधी विणावेत, मग पुढचे तीन; एवढ्या साध्या अदलाबदलीतून कापडावर दोरखंडासारखा उठावदार पीळ उभा राहतो. स्वेटर, शाल, टोपी, मफलर अशा कोणत्याही वस्तूवर तो शोभून दिसतो. मात्र या विणीची बरीचशी कामे शेवटाला येऊन बिघडतात. मधला भाग रेखीव असतो, पण खालचा काठ झालरीसारखा फुगलेला, बाजू लाटांसारख्या वाकड्या आणि गळा सैल. दोन-अडीच महिन्यांचे काम अशा वेळी कपाटात पडून राहते. हा दोष सहसा हाताच्या सफाईचा नसून हिशेबाचा असतो. साडीचा काठ जसा मागावर ताणा लावतानाच ठरतो, तसाच वेणीच्या विणीचा काठही पहिला टाका सुईवर घालण्यापूर्वी ठरवावा लागतो.

काठ का फुगतो?

साध्या विणीत प्रत्येक टाका आपापल्या जागी, शेजाऱ्याला खेटून उभा असतो. वेणीत टाके एकमेकांवर चढतात. सहा टाक्यांच्या वेणीत तीन टाके दुसऱ्या तिघांवर आडवे जातात, आणि सहा टाक्यांची रुंदी जेमतेम चार टाक्यांच्या जागेत मावते. म्हणून साध्या विणीत 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाके बसत असतील, तर त्याच लोकरीच्या आणि त्याच सुयांवरच्या वेणीच्या कापडात 26 किंवा 28 टाके बसू शकतात. वेण्या जितक्या दाट आणि पीळ जितक्या कमी ओळींनी, तितके कापड अधिक आवळते.

अडचण टोकांना उद्भवते. टाके घातलेल्या पहिल्या ओळीत आणि टाके बंद केलेल्या शेवटच्या ओळीत पीळ नसतो. तिथे टाक्यांना आवळून धरणारे काही नसल्याने ते आपली नैसर्गिक रुंदी घेतात. मधला भाग 40 सेंटीमीटर आणि काठ 50 सेंटीमीटर अशी स्थिती झाली, की जादा कापड झालरीच्या रूपाने बाहेर पडते. इस्त्रीने किंवा ओढूनताणून ही झालर जात नाही, कारण तिथे टाकेच जास्त आहेत. उपाय एकच : काठावर टाके कमी असावेत आणि वेणी सुरू होते तिथे ते वाढावेत; वेणी संपते तिथे ते पुन्हा कमी व्हावेत.

नमुना आणि हिशेब

किती टाके कमी, हे अंदाजाने ठरवू नये. निवडलेल्या लोकरीचे दोन छोटे नमुने विणावेत. पहिला वेणीचा, ज्यात वेणीला किमान दोनदा पीळ पडलेला असेल. दुसरा काठासाठी निवडलेल्या विणीचा, मग ती ‘दोन सुलट, दोन उलट’ अशी पट्टी असो वा अन्य काही. दोन्ही नमुने धुऊन, सपाट वाळवून मगच मोजावेत. न धुतलेल्या लोकरीचे माप फसवे असते.

एक उदाहरण घेऊ. स्वेटरची पाठ 40 सेंटीमीटर रुंद हवी आहे. वेणीच्या नमुन्यात 10 सेंटीमीटरमध्ये 26 टाके येतात, म्हणजे पाठीला 104 टाके लागतील. काठाच्या नमुन्यात 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके येतात, म्हणजे काठाला 88 पुरेत. फरक 16 टाक्यांचा. पाठीवर सहा टाक्यांच्या आठ वेण्या असतील, तर प्रत्येक वेणीच्या वाट्याला दोन टाके येतात. म्हणून 88 टाके घालून काठ विणावा आणि प्रत्येक वेणीच्या तळाशी दोन टाके वाढवून 104 करावेत. नमुना विणायला वेळच नसेल, तर चार टाक्यांच्या वेणीमागे एक, सहा टाक्यांच्या वेणीमागे एक ते दोन आणि आठ टाक्यांच्या वेणीमागे दोन ते तीन टाक्यांचा फरक धरण्याची रीत आहे. पण ती रीत नमुन्याची जागा घेऊ शकत नाही.

वाढ नेहमी वेणीच्या पोटातच करावी, दोन वेण्यांमधल्या उलट टाक्यांच्या जमिनीत करू नये. जमिनीतली वाढ डोळ्यांना दिसते. वेणीतली वाढ पिळाखाली झाकली जाते.

खालचा काठ

काठासाठी अंगापेक्षा बारीक सुया घ्याव्यात. आपल्याकडे सुयांना जुने क्रमांक चालतात आणि त्यांत क्रमांक वाढला की सुई बारीक होते. अंग 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुयांवर असेल, तर काठ 10 नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर नीट बसतो.

‘सुलट-उलट’ पट्टीचा काठ असल्यास पट्टीच्या रेघा आणि वेण्या एका ओळंब्यात याव्यात. सुलट टाक्यांची रेघ सरळ वर जाऊन वेणीत मिसळली, की काठ कापडातूनच उगवल्यासारखा वाटतो. वेणी उलट टाक्यांच्या रेघेवर अर्धवट उभी राहिली, तर जोड लगेच उघडा पडतो. त्यासाठी आलेखाच्या कागदावर पट्टीची एक ओळ आणि तिच्यावर वेणीची पहिली ओळ मांडून पाहावी. चौकटी जुळेपर्यंत टाके दोन-चार इकडेतिकडे करावेत. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण तेच पुढचा पश्चात्ताप वाचवते.

चार सुलट टाक्यांच्या रेघेतून सहा टाक्यांची वेणी काढायची, तर पट्टी संपल्यावर दर्शनी बाजूच्या पहिल्या ओळीत असे विणावे : एक सुलट, एक वाढ, दोन सुलट, एक वाढ, एक सुलट. वाढीसाठी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलावा आणि त्याच्या मागच्या बाजूने सुई घालून विणावा. असे केल्याने तो पिळला जातो आणि भोक पडत नाही. मागच्या बाजूची एक ओळ विणून लगेच पुढच्या दर्शनी ओळीत पहिला पीळ द्यावा. नमुन्यात दर सहा ओळींनी पीळ असला, तरी पहिल्या पिळासाठी सहा ओळी थांबू नये. काठ आणि पहिला पीळ यांत जितक्या सरळ ओळी राहतील, तितके ते कापड सैल सुटते.

बाजूचे काठ

वेणी कधीही अगदी कडेला ठेवू नये. कडेच्या टाक्याला एकाच बाजूने आधार असतो. त्यात पिळाची ओढ पडली की कड आत-बाहेर होऊन करवतीसारखी दिसते. वेणी आणि कड यांच्यामध्ये दोन-तीन उलट टाक्यांची जमीन आणि त्याबाहेर एक काठटाका, एवढे अंतर हवे.

काठटाका कसा विणायचा, हे पुढे त्या बाजूचे काय होणार त्यावर ठरते. बाजू शिवली जाणार असेल, तर काठटाका साधा ठेवावा : दर्शनी ओळीत सुलट, मागच्या ओळीत उलट. शिवताना दोन्ही तुकडे दर्शनी बाजू वर करून शेजारी मांडावेत आणि काठटाक्याच्या आतला आडवा धागा आळीपाळीने एकदा या तुकड्यातून, एकदा त्या तुकड्यातून उचलत जावा. पाच-सहा धाग्यांनंतर हलकेच ओढले, की शिवण आत दडते आणि दोन उलट जमिनी एकमेकींना बेमालूम भिडतात.

मफलर किंवा शालीसारखी उघडी बाजू असेल, तर साखळीचा काठ शोभतो. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता, धागा पुढे ठेवून, उलट टाक्यासारखी सुई घालून नुसता सरकवावा. शेवटचा टाका नेहमी सुलट विणावा. दोन ओळींमागे साखळीची एक कडी तयार होते. मात्र ज्या बाजूवर पुढे बटणपट्टीसाठी टाके उचलायचे आहेत, तिथे ही साखळी टाळावी. तिच्या कड्या मोठ्या आणि सैल असल्याने पट्टीच्या मुळाशी भोके दिसू लागतात. बटणपट्टीसाठी साधा काठटाकाच बरा. त्यावर चार ओळींमागे तीन टाके उचलले, की पट्टी बहुधा फुगतही नाही आणि आवळतही नाही. नेमके प्रमाण पट्टीच्या नमुन्यावरून तपासून घ्यावे.

उघड्या बाजूचा दुसरा प्रश्न गुंडाळण्याचा. उलट टाक्यांची जमीन बाजूने दर्शनी अंगाकडे वळते. एकट्या काठटाक्याने ती थोपवली जात नाही. चार-पाच टाक्यांची सपाट पट्टी लागते. सगळ्या ओळी सुलट विणलेली पट्टी सपाट राहते, पण तिच्या ओळी उंचीला बुटक्या असतात. तितक्याच ओळींत ती वेणीच्या कापडापेक्षा कमी वाढते आणि बाजूला वर ओढून धरते. त्यावर इलाज म्हणजे ठरावीक ओळींनंतर फक्त पट्टीच्या टाक्यांवर जाऊन परत येणाऱ्या दोन जादा ओळी विणणे. दाणेदार वीण हा त्याहून सोपा पर्याय : एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलट दिसणाऱ्या टाक्यावर उलट व उलट दिसणाऱ्यावर सुलट. ही वीण सपाट राहते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि वेणीच्या गुळगुळीत पिळाशेजारी उठूनही दिसते.

नवा गुंडा जोडायचा झाल्यास तो उघड्या काठावर जोडू नये. दोन्ही टोके वेणीच्या मागे, पिळाच्या जाड भागात ओवून टाकावीत. तिथे ती दिसत नाहीत आणि काठही जाड होत नाही.

वरचा काठ, खांदे आणि गळा

टाके बंद करताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, शेवटचा पीळ आणि बंद करण्याची ओळ यांत फार अंतर ठेवू नये. पिळानंतर एक ओळ विणून पुढच्या ओळीत बंद करणे उत्तम. दुसरी, तळाशी वाढवलेले टाके इथे परत घ्यावेत. सहा टाक्यांच्या वेणीवर दोन टाक्यांचा जोडटाका, मग दोन सुटे टाके, मग पुन्हा जोडटाका, असे विणत बंद केल्यास सहाचे चार होतात आणि काठ सपाट बसतो. बाकीचे टाके जसे दिसतात तसेच, सुलटाला सुलट आणि उलटाला उलट, विणून बंद करावेत. हात घट्ट असणाऱ्यांनी बंद करताना एका मापाने जाड सुई घ्यावी.

मफलरच्या टोकाशी किंवा टोपीच्या माथ्यावर वेणी निमुळती करायची असेल, तर आणखी एक सुबक रीत आहे. वेणीचे तीन टाके लहान सुईवर पुढे धरावेत आणि पुढचा एक व मागचा एक असे एकत्र विणावेत. सहाचे तीन होतात, एक पेड दुसऱ्यावर विसावलेला दिसतो आणि वेणी अर्ध्यात तोडल्यासारखी वाटत नाही.

खांद्यावर पुढचा आणि मागचा भाग शिवण्याऐवजी दोन सुया समांतर धरून तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद करणे अधिक मजबूत ठरते. वेणीचे कापड जड असते; त्याचा भार खांद्यावरच पडतो आणि सैल जोड हळूहळू ओघळतो. दोन्ही भागांतल्या वेण्या खांद्यावर समोरासमोर याव्यात, हे आधीच आखून घ्यावे.

गळ्याचा आकार देताना टाके शक्यतो वेण्यांमधल्या उलट जमिनीतून घटवावेत. वेणी कापावीच लागली, तर उरलेल्या टाक्यांत पीळ देत बसू नये; ते सरळ विणावेत. गळपट्टीसाठी टाके उचलताना बंद केलेल्या वेणीच्या सहा टाक्यांवर चारच उचलावेत. सैल गळ्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे इथे प्रामाणिकपणे उचललेले सहाच्या सहा टाके.

सुती धाग्याचे वेगळे गणित

गोव्यासारख्या दमट हवेत लोकरीचा स्वेटर वर्षातून मोजके दिवस अंगावर येतो. त्यामुळे येथे पिशव्या, बाळाची कुंची, उशीचे अभ्रे आणि हलक्या शाली सुती धाग्यात विणणे अधिक सोयीचे. पण सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. ‘सुलट-उलट’ पट्टी लोकरीत काठ आवळून धरते. सुतात ती काही दिवसांत सैल पडते. म्हणून सुती कामात काठाचे टाके नमुन्याच्या हिशेबापेक्षा किंचित कमीच धरावेत, पट्टीऐवजी दाणेदार वीण निवडावी, किंवा काठावर दोरी विणून बसवावी. दोरीसाठी तीन टाके लागतात : दोन सुलट, तिसरा टाका काठाच्या टाक्याशी जोडून मागून विणायचा, मग तिन्ही टाके पुन्हा डाव्या सुईवर सरकवायचे आणि हीच कृती पुढे चालवायची. गोल, गुबगुबीत कड तयार होते आणि ती सहजासहजी ताणली जात नाही.

कोळ्यांच्या स्वेटरांची शिकवण

वेणीच्या विणीचे नाव निघाले की आयर्लंडच्या पश्चिमेकडील आरन बेटांचा उल्लेख होतो. इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर ही गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी वसलेली तीन बेटे. प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी असे आणि तिच्यावरून बुडालेल्या कोळ्याची ओळख पटे, ही कथा जगभर सांगितली जाते. पण तिला आधार नाही. जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या 1904 मधील नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती साध्या मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून. रिचर्ड रट यांनी 1987 मधील हातविणकामाच्या इतिहासात या समजुतीची चिकित्सा केली आहे. वेण्यांनी भरलेला आरन स्वेटर फार प्राचीनही नाही. तो विसाव्या शतकात रूपास आला आणि 1930 नंतर डब्लिनच्या दुकानांतून विकला जाऊ लागला.

काठाच्या दृष्टीने अधिक शिकण्यासारखा आहे तो ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचा गर्न्सी स्वेटर. तो घट्ट पिळाच्या लोकरीत, बारीक सुयांवर विणला जाई आणि त्याच्या छातीवर अनेकदा वेण्या असत. त्याची बाही खांद्यापासून मनगटाकडे विणत. कारण सरळ होते : मीठ, दोर आणि जाळी यांनी आधी झिजतो तो मनगटाचा काठ. बाही वरून खाली विणलेली असली, की झिजलेला काठ उसवून, नवे सूत लावून पुन्हा विणता येई. खालच्या कडेला टाके घालताना कित्येक ठिकाणी धागा दुहेरी घेत. त्या घरांतल्या विणणाऱ्या बायकांना काठ ही शोभेची गोष्ट वाटत नसे. कपडा किती वर्षे टिकणार, हे काठावर अवलंबून होते.

बिघडलेला काठ सुधारताना

काम पूर्ण झाल्यावर दोष दिसला, तरी सगळे उसवण्याची गरज नसते. वरचा काठ फुगला असेल, तर बंद केलेली एकच ओळ उसवून जोडटाके घेत पुन्हा बंद करावी. खालचा काठ फुगला असेल, तर काठ आणि पहिला पीळ यांमधल्या ओळीत एक टाका जपून कापावा, ओळीचा धागा सोडवत न्यावा, वरचे मोकळे टाके बारीक सुईवर घ्यावेत, पहिल्याच ओळीत हिशेबाप्रमाणे टाके घटवावेत आणि पट्टी खालच्या दिशेने विणून सैल हाताने बंद करावी. कापण्यापूर्वी वरच्या ओळीत एक सुटा रंगीत धागा ओवून ठेवल्यास टाके निसटत नाहीत. गळा थोडासाच सैल असेल, तर आतल्या बाजूने क्रोशाच्या सुईने सरकत्या टाक्यांची एक ओळ घातली तरी तो आवळतो.

धुणे आणि वाळवणे

काठाला अखेरचा आकार पाणी देते. लोकरीचे काम कोमट पाण्यात सौम्य साबण घालून वीस मिनिटे भिजवावे, न चोळता, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबावे आणि सपाट जागी मापात मांडून सावलीत वाळवावे. सरळ काठाला न गंजणाऱ्या टाचण्या जवळजवळ लावाव्यात. लांब अंतरावर लावल्यास काठाला कंगोरे पडतात. ‘सुलट-उलट’ पट्टी मात्र ताणून टाचू नये, नाहीतर तिची लवचीकता जाते. वेणीवर इस्त्री दाबू नये. उठाव सपाट होतो. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. त्याला गरम वाफ लागली, की तो लुळा पडतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

वेणी दुरून दिसते. काठ हाताला लागतो. बाही वर सारताना, बटण लावताना, मफलर गळ्याभोवती गुंडाळताना बोटे काठावरच फिरतात आणि झीजही तिथूनच सुरू होते. म्हणून नमुन्याला दिलेली एक संध्याकाळ आणि आलेखाच्या कागदावर केलेली टाक्यांची बेरीज-वजाबाकी हा या विणीतला पहिला टाका समजावा. तो नीट पडला, की उरलेले टाके आपापल्या जागी बसतात.